पोपटासाठी पेलेट निवडताना: आधी काटा, मग पिशवी

पेलेटची, म्हणजे पोपटाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची, पिशवी आणायला निघाला असाल तर वाटेत आधी एक वजनकाटा घ्या. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराकडे असतो तेवढा बारीक नको. स्वयंपाकघरात पीठ-साखर मोजायला असतो तो, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. त्यावर एक छोटी दांडी ठेवा आणि पक्ष्याला तिच्यावर बसायची सवय लावा. सकाळची पहिली मोठी शिट झाली की, काही खायच्या आधी वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. असं सलग सात दिवस. हा आकडा हाताशी नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नका.

इतकं ठासून सांगतोय, कारण मी ते केलं नव्हतं. आमचा बंड्या कॉकॅटील आहे, म्हणजे तुऱ्याचा छोटा पोपट, लहानपणापासून राळं आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला. पहिल्यांदा पेलेट आणले तेव्हा वाटी रोज संध्याकाळी अर्धी झालेली दिसायची आणि मी निर्धास्त होतो. सहाव्या दिवशी हातात घेतला तर छातीचं हाड बोटाला टोचलं. पिंजऱ्याच्या तळाशी पाहिलं, तर कागदावर सगळा भुगा. तो पेलेट चोचीत धरून चुरडून खाली टाकत होता, पोटात काहीच जात नव्हतं. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांकडे तो ९३ ग्रॅम भरला होता, त्या दिवशी ८१ भरला. पुन्हा राळं वाटीत घातलं तेव्हा तो ज्या घाईनं खात सुटला ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

तरीही बंड्या आज पेलेट खातो, आणि तुमच्या पक्ष्यानंही खावेत असं मला मनापासून वाटतं. फक्त घाई नको.

पेलेट म्हणजे काय, आणि ते कशासाठी

आपल्या भागात दुभती जनावरं पाळणाऱ्याला गोळी पेंड समजावून सांगावी लागत नाही. धान्य, पेंड, क्षार, जीवनसत्त्वं सगळं दळून एकत्र करायचं आणि गोळी पाडायची, म्हणजे जनावराला आवडेल तेवढं वेचून बाकीचं सोडता येत नाही. पोपटाचे पेलेट त्याच विचारातून आले आहेत. वेचून खाण्यात पोपटाचा हात कुणी धरू शकत नाही. मिश्र बियांची वाटी ठेवली की तो सूर्यफूल आणि शेंगदाणे आधी संपवतो. सूर्यफुलाच्या गराचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतो, शेंगदाण्याचंही तसंच. पिंजऱ्यात बसून उडायला न मिळणाऱ्या जिवाला वर्षानुवर्षं हे मिळालं की यकृतावर चरबी चढते. शिवाय बियांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच. त्याच्या अभावी नाका-घशाचं अस्तर खराब होतं, वारंवार सर्दी आणि श्वासाचे त्रास सुरू होतात. आफ्रिकन ग्रे पोपटाला कॅल्शियम कमी पडून झटके येतात. बजींना, म्हणजे बजरिगर या छोट्या पोपटांना, आयोडीन न मिळाल्यानं गळ्यातली ग्रंथी सुजते. हे सगळं हळूहळू होतं. पक्षी वरून चांगला दिसत राहतो, म्हणून आपल्याला उशिरा कळतं.

इथंच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वस्त पडतं म्हणून काही जण कोंबडीखाद्य देतात. देऊ नका. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, तर पाळीव पोपटाला एक टक्क्याच्या आतच लागतं. जास्तीचं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. ब्रॉयलरच्या खाद्यात प्रथिनं भरपूर असतात आणि कधी औषधंही मिसळलेली असतात.

पायरी १: आपला पक्षी नेमका कोणता

हा प्रश्न साधा वाटतो, पण आपल्याकडे दुकानात बजीला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात आणि कॉकॅटीलला ‘कॉकटेल’. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. बजी आणि कॉकॅटील ऑस्ट्रेलियातले, कोरड्या माळावर गवताचं बी वेचून जगणारे. ‘लव्हबर्डचं खाणं द्या’ म्हणून दुकानात गेलात तर काय हातात पडेल याचा भरवसा नाही. त्यामुळे नाव नीट माहीत करून घ्या, आणि नसेल तर फोटो दाखवा.

नावावर प्रमाण ठरतं. बजी आणि कॉकॅटील यांना पूर्ण पेलेटवर ठेवू नये असं मला वाटतं. रोजच्या खाण्यात निम्मे पेलेट, उरलेल्यात भाजीपाला आणि थोडं राळं-बाजरी असं त्यांना मानवतं. सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, ॲमेझॉन यांना पेलेटचा वाटा साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत चालतो. मकावला चरबी थोडी जास्त लागते, त्याला पेलेटसोबत अक्रोड-बदाम मोजून द्यावेत. एक्लेक्टस असेल तर पेलेट कमी, भाजी-फळं जास्त, आणि रंगीत पेलेट अजिबात नकोत. लोरी हा मकरंदावर जगणारा पक्षी. त्याचं खाणं पूर्ण वेगळं असतं, हा लेख त्याच्यासाठी नाही.

आणि घरात राघू किंवा पहाडी पोपट असेल, म्हणजे गळ्याला पट्टी असलेला आपला हिरवा पोपट, तर प्रश्न पेलेटचा राहत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. आजोबांच्या काळापासून घरात आहे म्हणून सूट मिळत नाही. जखमी पिल्लू सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी जातींपैकी सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बजी आणि कॉकॅटील त्या यादीत नाहीत.

पायरी २: पिशवी उलटी करून वाचा

समोरच्या बाजूला पोपटाचं चित्र आणि फळं असतात. तिथं बघण्यासारखं काही नसतं, पिशवी उलटी करा.

प्रथिनांचा आकडा आधी शोधा. घरात नुसता राहणाऱ्या, अंडी न देणाऱ्या मोठ्या पक्ष्याला १२ ते १५ टक्के पुरतात. वाढत्या पिल्लांना आणि जोडी लावलेल्या पक्ष्यांना जास्त लागतात. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठात टॉम राउडीबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉकॅटीलच्या पिल्लांवर प्रयोग केले. १९८६ साली छापलेल्या त्या कामात पिल्लांची वाढ २० टक्के प्रथिनांवर सर्वांत चांगली झाली होती. पण पिल्लाचा आकडा मोठ्या पक्ष्याला लावून ‘जास्त ते चांगलं’ समजू नका. बेल्जियमच्या व्हर्सेले-लागा कंपनीच्या न्यूट्रिबर्ड पेलेटमध्ये हे सोपं आहे, नावातच प्रथिनांची टक्केवारी आहे: बी १४ बजींसारख्या लहान पक्ष्यांसाठी, पी १५ मोठ्या पोपटांसाठी, पी १९ जोडीच्या काळासाठी. घरातल्या एकट्या पोपटाला पी १९ घेऊ नये.

चरबी पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास असावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे पहिली चार-पाच नावं महत्त्वाची. मका, गहू, सोयाबीन दिसले तर दचकू नका, बहुतेक पेलेटचा पाया तोच असतो. साखर, ग्लुकोज, मोलॅसिस ही नावं वर दिसली तर मी पिशवी परत ठेवतो. टिकवण्यासाठी काय वापरलंय तेही पाहा. टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्वच, ते उत्तम. इथॉक्सिक्विन लिहिलं असेल तर मी घेत नाही.

‘पूर्ण आहार’ असं लिहिलंय की ‘पूरक खाद्य’, हे बघायला विसरू नका. दोन्ही पिशव्या मांडणीवर शेजारी असतात आणि सारख्याच दिसतात. पूरक खाद्य म्हणजे खाऊ. त्यावर पक्षी वाढवता येत नाही. आणि पिशवीवर पोषणाचा तक्ताच नसेल, नुसतं ‘रंगीत पेलेट’ लिहिलेलं असेल, तर ते कुणी आणि कशापासून बनवलं हे कळायला मार्ग नाही.

रंगाबद्दल थोडं. लाल-हिरवे-पिवळे पेलेट पक्ष्याला खुणावतात हे खरं, आणि हट्टी पक्ष्याला सुरुवातीला लालूच म्हणून काही डॉक्टरही सुचवतात. पण शिट लाल झाली तर ती रंगामुळे की रक्तामुळे, हे तुम्ही कसं ओळखणार? पोपटाची तब्येत आपण सगळ्यात आधी शिटेतूनच वाचतो. ती खूण रंगानं पुसायची मला भीती वाटते. माझी पसंती तपकिरी, साध्या पेलेटला आहे.

हॅरिसन्स, राउडीबुश, झुप्रीम, न्यूट्रिबर्ड ही नावं पक्षी पाळणाऱ्यांत चालतात आणि ऑनलाइन मागवता येतात. यातलं ‘सर्वांत चांगलं कोणतं’ असं मला वारंवार विचारतात. तुमचा पक्षी जे खातो, तुमच्या खिशाला जे दर महिन्याला परवडतं आणि जे ताजं मिळतं, ते. महागडी पिशवी एकदा आणून पुढच्या वेळी हात आखडता घेण्यापेक्षा मधल्या किमतीचं सातत्यानं मिळणारं पेलेट घ्या.

पायरी ३: दाण्याचा आकार

बजीला चुरा किंवा अगदी बारीक दाणा, कॉकॅटील-लव्हबर्डला बारीक, कोन्यूरला मध्यम, ग्रे-मकावला मोठा. मोठ्या पोपटाला पायात धरून कुरतडायला आवडतं, तर बजीला बियाएवढाच दाणा ‘खाणं’ वाटतो. मोठा दाणा मिक्सरमधून काढून चालतो, पण भुगा फार होतो आणि लवकर खराब होतो.

पायरी ४: किती घ्यायचं, आणि पावसाळ्यात कसं ठेवायचं

आता हिशेब करा. कॉकॅटील दिवसाला साधारण १२ ते १५ ग्रॅम कोरडं खाणं खातो. त्यातले निम्मे पेलेट धरले तर महिन्याला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. म्हणजे एका पक्ष्याला एक किलोची पिशवी चार-पाच महिने पुरेल. स्वस्त पडते म्हणून आपण तीच घेतो, आणि इथंच चुकतो. पिशवी फोडल्यावर हवा-उजेड लागून जीवनसत्त्वं कमी होत जातात, तेल खवट होतं. सहा आठवड्यांत संपेल एवढंच फोडलेलं असावं. ओळखीत आणखी कुणाकडे पक्षी असतील तर एक पिशवी वाटून घ्या. आम्ही राजारामपुरीतल्या दोन घरांबरोबर तसंच करतो.

आपला पावसाळा तर पेलेटचा शत्रूच. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथं उघडी पिशवी काय टिकणार. पेलेटनं ओल धरली की बुरशी येते. मका आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष पोपटाच्या यकृताला थेट मारक असतं, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून पिशवी आली की आठवड्याला लागतील तेवढ्या छोट्या हवाबंद पुड्या करा. चालू पुडी डब्यात, बाकीच्या फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढलेली पुडी लगेच फोडू नका. तासभर बाहेर ठेवा, नाहीतर आत दव धरतं. दुकानात पोत्यातून सुट्टे मिळणारे पेलेट पावसाळ्यात तर नकोच, एरवीही नको. तारीख कळत नाही आणि पोतं कधी फोडलं तेही.

आणखी एक, घरोघरी घडणारी चूक. आपण वर्षाचं धान्य भरतो तेव्हा कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळतो, पारद गोळ्या टाकतो. त्या डब्यातली बाजरी किंवा तांदूळ पक्ष्याला कधीही घालू नका. त्याच्यासाठी राळं-बाजरी वेगळी आणा, थोडीच आणा, आणि जाळी धरलेली दिसली की सगळी टाकून द्या.

पायरी ५: बियांवरून पेलेटवर

सगळ्यात वेळखाऊ काम हेच. नुकतं स्वतः खायला लागलेलं पिल्लू असेल तर चार दिवसांतही शिकतं. वर्षानुवर्षं बिया खाल्लेल्या पक्ष्याला पेलेट हे खाणं आहे हेच कळत नाही. त्याच्या लेखी ते वाटीतले खडे असतात. त्यामुळे ‘भूक लागली की खाईल गुमान’ हा सल्ला कुणीही दिला, अगदी घरातल्या मोठ्यांनी प्रेमानं दिला, तरी ऐकू नका. लहान पक्ष्याच्या अंगात साठा फारच थोडा असतो. बजीसारखा तीस-चाळीस ग्रॅमचा जीव एक-दोन दिवसांच्या उपासानंही दगावू शकतो.

पहिला आठवडा वाटीत काय घालतो ते बदलायचं नाही, फक्त मोजायचं आणि वेळा लावायच्या. वजन रोज. बिया सकाळी तोलून घालायच्या, रात्री वाटीत फुंकर मारून टरफलं उडवायची आणि उरलेलं तोलायचं. टरफलांनी भरलेली वाटी वरून भरलेलीच दिसते, कित्येक पक्षी त्यामुळेच उपाशी राहिले आहेत. या आठवड्यात खाण्याच्या वेळाही ठरवून टाका. दिवसभर वाटी भरलेली ठेवण्याऐवजी सकाळी आणि संध्याकाळी पाऊण-पाऊण तास बिया.

दुसऱ्या आठवड्यापासून मधल्या वेळात पेलेटची वाटी. सुरुवातीला पेलेट दळून, मोड आलेल्या ओलसर मुगावर किंवा किसलेल्या गाजरावर भुरभुरा. खाताना चव जिभेवर जाते, ओळख पटते. ओलं केलेलं खाणं दोन तासांत काढून घ्या, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. बजींसाठी सपाट आरशावर पेलेटचा चुरा आणि त्यात थोडं राळं पसरा. आरशातला जोडीदार टिपतोय असं वाटून तेही टिपतात. कॉकॅटील आणि कोन्यूरसाठी तुम्ही स्वतः जेवायला बसा. चहाच्या वेळी बशीत दोन पेलेट घेऊन, बोटांनी खेळवत, खाल्ल्याची बतावणी करायची. थवा जे खातो ते खायचं, ही त्यांची रीत, आणि घरात त्यांचा थवा तुम्हीच. बंड्यानं पहिला पेलेट खाल्ला तो आईच्या बशीतला. ती म्हणाली, ‘माझं खातंय की रं ह्ये!’ आणि हात न हलवता पाच मिनिटं तशीच बसून राहिली.

त्यानंतर दर आठवड्याला बिया थोड्या कमी, पेलेट थोडे जास्त. सहा ते आठ आठवडे धरून चला. आमच्याकडे अकरा लागले.

या काळात वहीतला आकडा हुकूम देईल, आपण ऐकायचं. कॉकॅटील ९० ग्रॅमचा असेल तर ८६-८५ ला थांबा, बिया पुन्हा वाढवा, वजन स्थिर झालं की परत सुरू करा. ८१ च्या खाली गेला तर दहा टक्के वजन गेलं. बदल पूर्ण बंद, बिया समोर ठेवा, डॉक्टरांना फोन. तुमचा पक्षी कोणत्या टप्प्यातला, त्याचाही अंदाज ठेवा: बजी ३० ते ४० ग्रॅम, कॉकॅटील ८० ते १००, सन कोन्यूर १०० ते १२०, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५००. मात्र तुलना नेहमी त्याच्या स्वतःच्याच पहिल्या आठवड्याशी करायची.

शिट रोज बघा. पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद घाला. निरोगी शिटेत तीन भाग असतात: घट्ट भाग, पांढरा भाग, आणि थोडं पाणी. पेलेट सुरू झाल्यावर घट्ट भाग तपकिरी आणि जरा मोठा होतो, ते ठीक आहे. पण शिट अगदी थोडी, गडद हिरवी-काळपट आणि चिकट दिसली तर पक्षी उपाशी आहे, वाटी काहीही सांगत असो. पेलेटवर तहान वाढते, म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदला.

पंख फुगवून बसणं, शेपटी श्वासागणिक वर-खाली होणं, असं काही असेल तर आहार बदलूच नका. पिसं गळतीच्या काळात आणि अंड्यांवर असतानाही नाही. आपल्याकडे बहुतेक पशुवैद्यांकडे गाई-म्हशी आणि कुत्री येतात, म्हणून आधीच फोन करून ‘पोपटवर्गातले पक्षी तपासता का’ असं विचारून ठेवा. गरज पडेल त्या रात्री शोधत बसायला नको.

पायरी ६: पेलेटसोबत काय

कपिलतीर्थ मंडईत एक फेरी मारलीत तर पोपटाची भाजी तिथंच पूर्ण होते. शेवग्याचा पाला सर्वांत वर, त्यात कॅल्शियमही आहे आणि अ जीवनसत्त्व तयार करणारं द्रव्यही. मग मेथी, कोथिंबीर, लाल भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, सिमला मिरची. पालक अधूनमधून. ताजी मिरची बिनधास्त द्या. पक्ष्यांना तिखटपणा जाणवतच नाही, लवंगीसुद्धा ते मजेत खातात. पेरू-सफरचंद थोडं, सफरचंदाच्या बिया काढून. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण अजिबात नाही. चिवडा-भडंगाचा एखादा घास पाहुणे कौतुकानं देतात. त्यात मीठ आणि तेल असतं, त्यांना नम्रपणे थांबवा.

पेलेट निम्म्याहून जास्त खात असेल तर वरून जीवनसत्त्वांचे थेंब घालू नका. पेलेटमध्ये ती मोजून घातलेली असतात आणि अ व ड जीवनसत्त्व जास्त झालं तर अपाय होतो, विशेषतः मकावला. कोवळं ऊन मात्र रोज मिळू द्या, खिडकीच्या काचेआडून नव्हे, गॅलरीत, सावलीला जागा ठेवून आणि मांजरावर लक्ष ठेवून.

पक्षी एका पेलेटवर रुळला की दुसऱ्या कंपनीचं पेलेटही आठवड्यातून दोन दिवस खायला शिकवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली आणि बाहेरून काहीच येईना. ज्यांचे पक्षी एकाच पिशवीला बांधलेले होते त्यांची फार ओढाताण झाली. मी जूनच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा साठा फ्रीजमध्ये ठेवतो, दोन प्रकारचा, शिवाय एक डबा राळ्याचा. आणि काट्याचे जादा सेल त्याच डब्याशेजारी असतात.